दुसऱ्या गिअरचा उन्हाळा

यंदाही आषाढ कोरडाच चालला आहे. सकाळी मी ओट्यापाशी भाजी चिरत असते आणि घरामागच्या रस्त्यानं पाण्याचा टँकर चढाला लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये थोडा वेळ रेटतो, मग इंजिन कण्हायला लागतं, मग एक क्षण काहीच ऐकू येत नाही, आणि मग दुसरा गिअर पडतो. त्या मधल्या क्षणात माझ्या हातातली सुरी थांबते. सूनबाई विचारते, "आई, काय झालं?" मी म्हणते, काही नाही गं, कांदा झोंबला. समोर दोडका असला तरी तेच सांगते. तिला बिचारीला आता सवय झाली आहे.

लोकांना म्हणे पावसाळे आठवतात. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाळे आठवतात. माझ्या सासूबाईंना कुठल्या लेकराचा जन्म कधीचा असं विचारलं की त्या सांगायच्या, "गुरं छावणीत व्हती त्या साली." किंवा, "हिरीचा तळ दिसलता तवाचा." आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. दुष्काळ आमच्याकडे पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखाच येतो, आणि आल्या आल्या आपापल्या जागी बसतो.

माझा तो एक उन्हाळा मात्र गिअर ऑइलच्या वासाचा आहे. जळकट, उग्र, हाताला लागला की साबणानं जात नाही असा तो वास. आमच्या अंगणात त्या वर्षी उन्हाळकामं झालीच नाहीत. कुरडयांचा चीक घालायला पाणी नव्हतं, आणि ज्या बाजेवर पापड वाळत घालायचे तिच्यावर लोखंडाचे दातेरी तुकडे मांडलेले असायचे. ते मांडणारे आमचे हे. यांचं नाव दत्तात्रय, गावात दत्तोबा. त्या काळी आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नसू. मी मनातल्या मनात मात्र पुष्कळदा घ्यायचे, आणि रागात तर फारच.

मी गावच्या दूध सोसायटीत होते. नांदूरघाटच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथं रोज सकाळी बायामाणसं कॅन घेऊन यायची आणि मी यंत्रावर दुधाची फॅट मोजायची, दूध चांगलं की नासकं ते बघायचं. नळीत थोडं दूध घेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरायचं. कडेला बारीक कण दिसले की ते दूध गेलं. बाईमाणसानं टेबलाशी बसून पुरुषांच्या दुधाला नापास करायचं, हे गावाला सुरुवातीला मानवलं नाही. पण सोसायटीचे चेअरमन नाना ठाम राहिले. नानांनी सगळ्यांना सांगितलं, "पोरगी बारावी सायन हाय. आपल्यापरीस जास्त शिकलीया. बसू द्या." बारावीला मी सायन्सला होते एवढं खरं, पास झाले की नाही हे नानांनी कधी विचारलं नाही. तेव्हा नानांविषयी मी पुढं जे काही लिहिणार आहे, ते त्यांचं मीठ खाऊन लिहिते आहे, हे ध्यानात असू द्यावं.

डोंगरावर, सपाट माळावर, एक वस्ती होती. चार-दोन घरं, सगळी गुरं राखणारी. त्यांच्याकडं म्हशी आणि गावरान गाई, आणि वरच्या कुरणाचं दूध असं की माझं फॅटचं यंत्र त्याला नेहमी दाद द्यायचं. पण माळावर उन्हाळ्यात पाणी नसे. सरकारी टँकर खालपर्यंत यायचा. वरची वाट म्हणजे मुरमाड चढ आणि मध्ये एक असलं वळण, की मोठ्या गाडीचं नाक वळायचं पण शेपूट दरीत जायचं. म्हणून सोसायटीची छोटी गाडी सकाळी पिंपांत पाणी भरून वर जायची, आणि तीच वस्तीचं दूध घेऊन ऊन चढायच्या आत खाली यायची. पाणी वर, दूध खाली. गाडी जोवर चढत होती तोवर वस्ती माळावर होती. हे अगदी इतकं सरळ होतं.

ती गाडीही काय, एका साहेबाची जुनी चार दारांची छोटी मोटार. तिचा मागचा अर्धा भाग कापून यांनी हौदा बसवला होता. पुढून साहेब, मागून बैलगाडी. पोरंटोरं तिला हसायची. ही गाडी हे चालवायचे आणि दुरुस्तही हेच करायचे, आणि माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलायचे. आदल्या हिवाळ्यात यांनी तिचं इंजिन उघडलं. सिलिंडर रुंद करून मोठे पिस्टन टाकले, हेड घासून घेतलं, कुठून तरी मोठा कार्बोरेटर आणला. छोट्या गाडीचं इंजिन, पण असं गुरगुरायला लागलं की कुत्री अंगावर जायची. पाऊस गेला होता, विहिरी आटणार हे दिसतच होतं. जास्त पिंपं वर न्यायची तर जोर वाढवायला पाहिजे, हा यांचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. फक्त इंजिनाला वाढलेला जोर चाकापर्यंत नेऊन पोचवायचा तो गिअरबॉक्सनं, आणि गिअरबॉक्स होता तोच राहिला होता.

चैत्रात तो गेला. त्या वळणावर, भरल्या पिंपांसकट, हे तिसऱ्यातून दुसऱ्यात आले आणि दुसरा पडलाच नाही. खाली सोसायटीच्या ओट्यावर मी होते. मला ऐकू आलं. दगडावर दगड घासावा तसा आवाज, आणि मग गप्प. त्या गप्प राहण्याचंच मला भ्याव वाटलं. हे गाडी मागं सोडत सोडत, ब्रेकवर उभे राहून खाली आले, तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला होता. अंगणात गिअरबॉक्सची पेटी उघडली. काळ्या तेलात चांदीची कणी चमकत होती, आणि दुसऱ्या गिअरचे दात कणसाचे दाणे काढावेत तसे निघून आले होते. यांनी एक दात माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "ह्याचा काय गुन्हा न्हाई. ह्याला झेपंल त्याच्या दुप्पट दिलं आपण."

मला ते वाक्य लागलं. का लागलं ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्या वर्षी आमच्या सगळ्यांचंच तसं चाललं होतं. आडाला, बैलाला, बाईला, ज्याला जेवढं झेपतं त्याच्या दुप्पट. कोणाचे दात कधी निघाले हे नंतर तेल उपसल्यावर दिसायचं.

मग सुरू झालं गिअरबॉक्स निवडणं. संध्याकाळी हे पायरीवर बसायचे आणि मी भाकरी थापत ऐकायची. पहिला मार्ग, तसलाच जुना गिअरबॉक्स आणून बसवायचा. सोपा, बसेल चपखल, आणि महिन्याच्या आत त्याचेही दात निघतील. दुसरा, मालवाहू टेम्पोचा. तो लोखंडाचा डोंगर. तुटायचा नाही, पण त्याचं वजनच एवढं की एक-दोन पिंपं कमी घ्यावी लागतील. आणि त्याचे गिअर इतके संथ की गाडी गोगलगाईसारखी चढेल, उन्हाच्या आत दूध खाली यायचं नाही. तिसरा जीपचा. दात जाड, दुसरा गिअर चढासाठीच केल्यासारखा, वजन सोसण्याजोगं. फक्त तो या इंजिनाला सरळ बसणार नाही. मध्ये जाड पत्र्याची चकती कातून घ्यायला हवी, मागचा शाफ्ट आखूड करायला हवा, क्लच बदलायला हवा.

"मंग जीपचाच घ्या की," मी म्हणाले.

"घ्यायचाच हाय. दमदार पायजे, पन सुस्त नको. गेवराईला हायवेवर एक जन जुन्या गाड्या खोलतो. त्याच्याकडं एक चांगला हाय म्हनं. वाळूच्या जीपचा असंल तर मातूर न्हाई घ्यायचा. त्यात बेअरिंगच्या आदी वाळू निगती."

मला ते अंगणातले दिवस अजून दिसतात. यांच्या डोळ्यांत एक चमक होती. दुष्काळात माणसाच्या डोळ्यांतली चमक लवकर जाते. यांची टिकली होती, कारण यांच्याकडं करण्यासारखं काहीतरी होतं. बाकीच्यांना फक्त आभाळाकडं बघायचं काम. मी खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

पण गाडी आमची नव्हती, सोसायटीची होती. आणि सोसायटीत साधी चहाची किटली घ्यायची तरी ठराव लागायचा. संचालकांची बैठक, सूचक, अनुमोदक, सर्व काही. त्याची चेष्टा करावी असं मला वाटत नाही. ज्या गावात एकमेकांच्या ओट्यावर बसत नव्हते अशी माणसं त्या टेबलाभोवती बसायची, कपबशा एकमेकांकडे सरकवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सहकार म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या कपबशांतून कळलं.

बैठकीत जीपच्या गिअरबॉक्सची गोष्ट निघाली, आणि पाटील म्हणाले, टेम्पोचा घ्या. पाटील हे संचालकांमधल्या दुसऱ्या गटाचे. त्यांच्या बहिणीच्या घरी, धर्मापुरीला, एक टेम्पो मोडून पडला होता. त्याचा गिअरबॉक्स मजबूत आहे, आणि घरचा आहे. गेवराईचा माणूस नानांच्या पुतण्याच्या ओळखीचा निघाला, एवढं पाटलांना पुरलं. यांनी सगळं समजावून सांगितलं, वजन, वेग, ऊन, दूध. पाटलांनी शांतपणे ऐकलं. आणि म्हणाले, "आमचा इरोध न्हाई. फकस्त आमचं म्हननं हाय, की मजबूत म्हनता तर सगळ्यात मजबूत घ्या की. कमी मजबूत कावून घेता?"

कमी मजबूत का घ्यायचं, याचं उत्तर सभेत देता येत नाही. सभेत नेहमी जास्त मजबूत तेच जिंकतं.

हात वर करून मत घेतलं असतं तर जीप सहज पास झाली असती. नानांकडं माणसं जास्त होती. पण नानांनी घेतलं नाही. नानांचा एक अभिमान होता, आणि तो साधासुधा नव्हता. आमच्या सोसायटीत स्थापनेपासून एकही ठराव मतदानानं झाला नव्हता. सगळे एकमतानं. निवडणूकसुद्धा दरवेळी बिनविरोध. त्याच्या आधी, फार पूर्वी, गावात एकदा मतदान झालं होतं, आणि त्यानंतर दोन भावकींनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं, एकाच्या मयतीला दुसरा गेला नाही. नाना तेव्हा तरणे होते. आपल्या चुलत्याच्या मयतीला त्यांनी खांदेकरी गोळा केले होते, दारोदार फिरून. तेव्हापासून त्यांना वर केलेल्या हातांची धास्तीच बसली होती.

"घाई कशाची?" नाना म्हणाले. "पाटील आपलेच हायती. फुडच्या सोमवारी बसू. समद्यांचं पटलं की करू."

हे उठून उभे राहिले. "नाना, वर पानी संपलंय."

"तवर टँकर लावू की वळनापस्तोर."

टँकर वळणापर्यंत लागला. तिथून वर वस्तीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढायच्या. माणसांपुरतं ते चाललं असतं. म्हशीला हंड्यानं किती पाणी पाजणार?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवते ती रखमाआक्का. वस्तीवरची, माझ्याहून वयानं बरीच मोठी, उंच, कपाळभर कुंकू, आणि बोलणं असं की आपण हसून हसून दमावं. गाडी चालत होती तेव्हा ती दुधासोबत मला निरोप पाठवायची, "त्या यंत्रवालीला सांगा, माज्या म्हशीला दिरुष्ट लावू नको." गाडी बंद पडल्यावर ती दूध घेऊन चालत यायला लागली. डोक्यावर कॅन, पायात टायरची चप्पल, आणि तो सगळा मुरमाचा उतार. सोसायटीत पोचायला तिला ऊन व्हायचं. चैत्र-वैशाखातलं आमच्याकडचं ऊन; घराबाहेर ठेवलेली पितळेची कळशी हातात धरवत नाही.

पहिल्या दिवशी दूध निभावलं. दुसऱ्या दिवशी मी नळी ज्योतीवर धरली आणि कडेला कण दिसले. मी नळी फिरवली, पुन्हा थोडं घेतलं, पुन्हा धरली. मला माहीत होतं काय दिसणार आहे. सगळ्या गावच्या दुधात ते ओतलं तर सगळंच नासणार, तेही मला माहीत होतं. मी मान वर केली नाही.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"आक्का..."

"अगं मंग त्वांड कावून पाडती? तू का नासवलंस? उनाचा दोष हाय." कॅनचं झाकण तिनं परत लावलं, दाबून, नीट, जणू आतलं दूध अजून चांगलंच होतं. मग म्हणाली, "गाडी कवा हुईल?"

"सोमवारी बैठक हाय, आक्का."

"बरं."

ती पाणी प्यायली नाही. मी तांब्या पुढं केला तर म्हणाली, "नगं, वर लेकरं तान्हेलीच बसल्याती." त्या दिवशी मी घरी गेले आणि यांच्यावर भडकले. तुमची ती सभा, तुमचा तो ठराव, तुमचे ते नाना. बिचाऱ्यांची ती सभा नव्हती आणि नानाही नव्हते. पण रागाला जवळचं माणूस लागतं.

मध्यंतरी, म्हणजे अगदी आताच्या दिवसांत, आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं यांना गाठलं. त्याच्या गिऱ्हाइकानं छोट्या गाडीचं इंजिन वाढवून घेतलंय, कुठं शर्यतीला न्यायची म्हणे. "काका, ह्याला गिअरबॉक्स कोनता टिकंल? तुमाला म्हायती असंल." हे ओसरीवर बसले होते. मला वाटलं, आता भरभरून बोलतील. मोटारीचं काही निघालं की या वयातही यांचे हात आपोआप हवेत गिअर टाकतात. पण ते म्हणाले, "कोनताबी बशीव. पन येळेवर बशीव." गॅरेजवाला हसला, त्याला ती म्हाताऱ्याची गंमत वाटली. मी आत येऊन उगाच भांडी आवरायला लागले.

त्या सोमवारी बैठक झाली आणि पुढच्या सोमवारीही झाली. एकदा पाटील लग्नाला गेले म्हणून ठरलं नाही. एकदा पाटील होते पण नानांच्या बाजूचा एक संचालक रुसला, की माझं मत कोणी विचारलंच नाही. प्रत्येक वेळी चहा झाला, दुष्काळावर बोलणं झालं, छावणीतल्या चाऱ्यावर बोलणं झालं. कोणी वाईट माणूस नव्हता. हेच मला आजही नीट सांगता येत नाही. एखादा जरी वाईट असता ना, तरी मी सगळा राग त्याच्या अंगावर टाकून मोकळी झाले असते.

एका बैठकीत तर तडजोड निघाली. कुणीतरी सुचवलं, पेटी गेवराईच्या जीपची घ्यावी आणि आतले गिअर धर्मापुरीच्या टेम्पोचे. म्हणजे दोन्ही बाजूंचा मान राहील. नानांचा चेहरा खुलला. पाटलांनीही मान डोलावली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत होत होतं. हे दाराशी उभे होते. त्यांनी पुढं येऊन अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "नाना, एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत न्हाई." काही जण हसले. हे हसले नाहीत. मी टेबलाशी होते. मला दिसलं की यांचा हात पायजम्याच्या खिशात काहीतरी चाचपत होता. खिशात तो निघालेला दात असायचा, त्या दिवसांत नेहमी.

रखमाआक्का यायची ती कधी दिवसाआड यायची, मग कधी दोन दिवसांनी. दूध बहुतेकदा नासलेलंच. नंतर ती दूध आणायचीच नाही, नुसती यायची. टँकरपर्यंत उतरले होते, म्हणून आले तुला बघायला, असं म्हणायची. चेहरा काळवंडला होता, कुंकू मात्र तेवढंच मोठं. एकदा म्हणाली, "म्हशीला रातध्याड पान्याचं सपान पडतंय बाई. झोपंत बी जीब काडती." आम्ही दोघी हसलो. मी विचारलं, छावणीत का नाही नेत गुरं? ती म्हणाली, छावणी लांब, गुरांपाशी माणूस राहायला पाहिजे, आणि तिथं गेलेली गुरं परत माळावर येत नाहीत, त्यांना आयत्या चाऱ्याची सवय लागते. मग तिनं विचारलं, "दत्तोबाची गाडी?" आणि मी म्हणाले, "सोमवारी, आक्का." तिनं मला थांबवलं नाही, टोमणाही मारला नाही. माझ्या गालावरून हात फिरवून ती गेली. पुढं टँकरही वळणापर्यंत येईनासा झाला, आणि वरची खबर खाली येणं थांबलं.

शेवटी ठराव झाला. पाटील स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या, जीपचाच घ्या, आमच्या टेम्पोला गिऱ्हाईक मिळालं." एकमतानं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाटलांना मिठी मारली. सोसायटीचा बाणा राहिला होता, आणि मी टेबलाशी बसून, देवाशप्पथ, टाळ्या वाजवल्या. मलाही आनंदच झाला होता.

हे त्याच दिवशी गेवराईला गेले. गिअरबॉक्स एसटीच्या टपावर घालून आणला, झाकण उघडून बोटानं आतलं तेल पारखूनच घेतलेला. चकती कातून आणली, शाफ्ट आखूड करून घेतला. मग अंगणात काम. उन्हात लोखंड इतकं तापायचं की हे हाताला ओलं फडकं गुंडाळून पाने फिरवायचे, आणि ते फडकं ओलं करायचं पाणी मी पिण्याच्या पाण्यातून द्यायची. दोन-तीन दिवस यांना जेवणाची शुद्ध नव्हती. पेटी वर उचलून इंजिनाला लावली आणि पहिल्याच झटक्याला शाफ्ट खोबणीत बसला तेव्हा जो "टक्" असा आवाज झाला, तेवढा स्वच्छ आवाज मी आयुष्यात थोडेच ऐकले असतील.

पहिल्या फेरीला यांनी मला सोबत घेतलं. "चल. तुजी मैतरीन हाय ना वर." एवढ्या वर्षांत मी त्या गाडीत बसून वर गेले नव्हते. हौद्यात काठोकाठ भरलेली पिंपं, त्यांच्या तोंडाला कडुनिंबाच्या डहाळ्या, पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून. बाजूला दुधाचे रिकामे कॅन. रखमाआक्कासाठी मी थोडी साखर आणि कुंकवाची पुडी घेतली होती.

चढ लागला. गाडीनं तिसरा सोडला. मी श्वास धरला. यांनीही धरला असणार. मग यांनी दांडी ओढली आणि दुसरा पडला. कुठं खडखड नाही, कण्हणं नाही. एखादा दमाचा बैल मान खाली घालून जू ओढतो, तशी गाडी ते वळण चढून गेली. हे हसले. इतक्या दिवसांनी हसले. मला म्हणाले, "ऐक. ऐकती का? आवाज ऐक तिचा." मी ऐकत होते. त्या क्षणी मला वाटलं, आता सगळं नीट होईल. असं वाटण्यात माझी काही चूक होती का? नव्हती. एवढं मोठं इंजिन, एवढे मजबूत दात, काठोकाठ पाणी. आणखी काय पाहिजे असतं माणसाला?

माळावर पोचलो. यांनी हॉर्न वाजवला. एरवी हॉर्न ऐकला की कुत्री आधी यायची, मग पोरं, मग बाया. कोणी आलं नाही. यांनी पुन्हा वाजवला.

घरांच्या दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. चुली गार, राख वाऱ्यानं पसरलेली. गुरांना पाणी पाजायच्या दगडी हाळाच्या तळाला चिखलसुद्धा नव्हता, भेगा होत्या. मी म्हणाले, गुरं घेऊन कुठं छावणीत गेली असतील, येतील. हे गोठ्याकडं गेले आणि तिथंच उभे राहिले. मी मागून गेले. दावणीला एकही खुंटा नव्हता. ओळीनं नुसती भोकं. आमच्याकडं गुरंवाला माणूस चार महिने कुठं गेला तरी खुंटे ठोकलेले ठेवतो. जागा आपली आहे, गुरं परत येणार आहेत, याची ती खूण असते. गुरं विकून, गाव सोडून जातो तेव्हाच खुंटे उपटतो. पलीकडच्या अंगानं, माळाच्या दुसऱ्या उतारानं ते सगळे कधी गेले, बाजारात कोणत्या दावणीला त्या म्हशी उभ्या राहिल्या, रखमाआक्का कोणत्या वीटभट्टीवर गेली की कुठल्या शहरात, आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

हे खाली बसले. एका भोकात त्यांनी बोट घातलं. माती कोरडी होती, भोकाच्या कडा ढासळलेल्या. म्हणजे जाऊन बरेच दिवस झाले होते. आम्ही अंगणात चकती बसवत होतो तेव्हाही वर कोणी नव्हतं. मला रडायला आलं आणि मी रडले. यांच्यासमोर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं. यांनी मला गप्प केलं नाही.

पाणी ओतायचं की नाही, असा प्रश्न मी विचारला असावा, कारण हे म्हणाले, "दुष्काळात पानी वतत न्हाईत." आम्ही ते तसंच खाली घेऊन निघालो. उतरताना सगळा वेळ मागं पाणी डुचमळत होतं आणि रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. दांडीवर यांचा हात नुसता ठेवलेला होता.

खाली सोसायटीच्या ओट्यावर सगळे जमले होते. नाना नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन. पाटीलही होते. गाडी थांबल्या थांबल्या नानांनी नारळ फोडला, पाणी गाडीच्या चाकावर शिंपडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चढली का बे दत्तोबा?" नाना आनंदानं ओरडले.

"चढली, नाना. लई झकास चढली."

मग नानांना हौद्यातली भरलेली पिंपं दिसली. त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. "पानी कावून परत आनलंस?"

"वर कोनी न्हाई."

"कोनी न्हाई म्हंजी? कुटं गेले?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. टाळ्या हळूहळू थांबल्या. हे खाली उतरले, गाडीची किल्ली काढली आणि नानांच्या मोकळ्या हातात ठेवली.

"गाडी दमदार झालीया, नाना," ते म्हणाले. "आता पानी कुनाला न्यायचं, तेवडं ठरवा."